ऑर्फाबाईंचं मत

बंबखान्यात मतदानासाठी मांडलेल्या टेबलाशी नंबर लागला, तशी ऑर्फाबाईंनी मुलीला कोपरानं पुढे सारलं.

"आधी तू."

"मला मत नाही, आई. तू दे," हेस्टर म्हणाली.

ऑर्फाबाईंना ही थट्टाच वाटली. सबंध ओहायोतल्या बाया आज पहिल्यांदाच राष्ट्राध्यक्ष निवडायला निघाल्या होत्या, आणि त्यासाठी जिनं तुरुंगाची हवा खाल्ली तिलाच मत नाही?

टेबलामागे पर्डी बसला होता. एरवी हा गावाचा न्हावी, आज मतदानाचा कारकून. "कायदाच आहे तसा, काकू," तो म्हणाला. "हेस्टरनं नील्सशी लग्न केलं. नील्स डेन्मार्कचा, त्याचे इथले कागद अजून झालेले नाहीत. बाई नवऱ्याच्या देशाची. तेव्हा आपली हेस्टर आता डॅनिश."

"डॅनिश? हिला त्यांचं साधं सूप करता येत नाही."

रांगेत हशा पिकला. हेस्टरही हसली.

"आणि तुला हे ठाऊक होतं?"

"होतं. सांगितलं असतं तर तू घरातून निघालीच नसतीस."

ते खरंच होतं. ऑर्फाबाई मतपत्रिका हातात घेऊन उभ्या राहिल्या. ती परत टेबलावर ठेवून चालू लागावं, असं त्यांच्या मनात आलंही. पर्डी तसा भला माणूस. समजूत घालायला म्हणाला, "जाऊ द्या, काकू. राष्ट्राध्यक्षांचे आभार माना. तुम्हाला तरी दिलं ना त्यांनी मत."

हे त्यानं बोलायला नको होतं.

"त्यांनी दिलं? पर्डी, माझ्या स्वयंपाकघरात आठ वर्षं त्यांचा फोटो आहे. माणूस वाईट नाही. पण बायांना मत द्या म्हणून ही हिवाळाभर त्यांच्या फाटकापुढे फलक घेऊन उभी होती, आणि ते मोटारीतून टोपी उचलून आत जायचे. पुढे हिला पोलिसांनी धरून नेलं. शेवटी वळले ते, नाही म्हणत नाही. पण वळवावं लागलं."

मग त्या रांगेकडे वळल्या. तिसऱ्या नंबरवर शेजारची लुएला होती.

"लुएला, हेस्टर तेव्हा क्लीव्हलंडला मावशीकडे गेलीय म्हणून सांगितलं होतं ना तुला? ती तुरुंगात होती. साठ दिवस. मला लाज वाटली म्हणून खोटं बोलले. तिला एक पत्रसुद्धा धाडलं नाही मी."

हेस्टरनं आईची बाही ओढली.

"आई, पुरे."

"पुरे कसं? तुझे आभार अजून कुणी मानलेले नाहीत. मी मानते. सगळ्यांसमोर मानते."

हेस्टर डोळे पुसत होती. ऑर्फाबाईंनी मतपत्रिका तिच्यापुढे धरली. "सांग, फुली कुठे मारू? हे मत तुझंच आहे."

"ते नाही सांगणार. बाया दुसऱ्याच्या सांगण्यावरून मत देतील, असंच म्हणत होते ना हे सगळे पुरुष? तुझं तू ठरव."

ऑर्फाबाई पडद्याआड गेल्या. बराच वेळ लागला त्यांना. मागचे पुरुष खाकरू लागले, पण त्यांनी घाई केली नाही. मतपत्रिकेची घडी घालून त्या पेटीशी आल्या, आणि त्यांचा उजवा हात एकाएकी थरथरायला लागला. त्या हाताला कंप असल्याचं गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"वय झालं, पर्डी. कुणीतरी हात धरायला हवा."

पर्डी लगबगीनं उठला.

"तुझा नको."

पर्डीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग हेस्टरकडे. खाली बसला आणि वहीत मान घालून काहीतरी लिहू लागला.

हेस्टर पुढे झाली. तिनं आईचा हात धरला. दोघींच्या बोटांतून मतपत्रिका पेटीत पडली, आणि हात थरथरायचा थांबला.