डावखुऱ्याचा उजवा हात

एकाहत्तर साली परगावचा फुटबॉलचा सामना हरून आम्ही चाहते बसनं परतत होतो. आईनं आपल्या लग्नाला होकार दिला तर सामन्यानंतर डावा हात हलवीन, नाहीतर उजवा, असं आमच्या गोलकीपरनं मला सांगितलं होतं. बसमध्ये हे कुणालाच ठाऊक नव्हतं. “डावखुरा गडी आणि हलवला उजवा हात! खांदा दुखावलाय,” शिंपी म्हणाला. “तू बाह्या शिव! मोठ्या क्लबात चाललाय तो, निरोप घेतला,” न्हावी हसला. “खांद्यांची मापं मी घेतो, मला शिकवू नकोस. नर्सताई, तुम्हीच सांगा, बरा होईल ना?” “वेळ लागेल,” म्हणत मी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याच खांद्यानं तो पुढं आठ वर्षं खेळला, संसारात रमला. शिंपी आणि न्हावी भांडण अर्धवट टाकून गेले. मी भाचरांची मावशी झाले, आत्या झाले. वहिनी कुणाचीच नाही.