छताची परीक्षा

मास्तरांची कॅम्पर व्हॅन त्यांच्या संसाराइतकीच जुनी होती. फक्त व्हॅनच्या छतातली काचेची खिडकी गळायची. मागच्या सहलीत बायकोला न्यूमोनिया झाल्यापासून मुलगा इरेला पेटला होता. "आता एक थेंब आत आला, तर गाडी भंगारात!" मास्तरांनी आठवडाभर खपून खिडकीला नवं रबर बसवलं. आज परीक्षा होती. बायको खिडकीखालच्या बिछान्यावर आडवी झाली, मुलगा दाराबाहेर परीक्षकासारखा उभा राहिला, आणि मास्तरांनी शिडीवरून झारी धरली. काचेतून त्यांना दिसलं, टपोरा थेंब बायकोच्या गालावर पडला. जन्मभर दुसऱ्यांना नापास करणाऱ्या मास्तरांनी झटकन झारी मागे घेतली. "आई, गळतंय?" "छे रे! ठणठणीत कोरडं!" मुलगा समाधानानं घरात गेला. मास्तर खाली उतरले. "अगं, तुझा गाल..." "तुमची कारागिरी पाहून डोळे भरून आले हो. आता डावा कोपरा चिकटवा, पहाटे निघायचंय."