काचेखालचा फुटपाथ

"काका, सरका!" रीना दुकानातून ओरडली, पण तोवर समोरच्या बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगच्या उतारावरून गाडी वर आली होती. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. तरी दौलतरावांना धक्का लागलाच. ते गुडघ्यावर पडले.

रीना पिको-फॉलचं मशीन तसंच सोडून रस्ता ओलांडत धावली. त्यांना उचलायला तिकडे दुसरं कोणी नव्हतंच. पावर हाउस भागातल्या या रस्त्यावर पूर्वी दोन्ही बाजूंनी माणसं चालत. पोह्याचा ठेला, सायकलवाला, पानटपरी, सगळं त्याच बाजूला होतं. मग तिथे काचेची ऑफिस-बिल्डिंग उभी राहिली. दुपारी काचेवरून ऊन अंगावर यायचं, संध्याकाळी कोपऱ्यावर वारा धूळ उडवायचा आणि कोणी जरा टेकलं की गार्ड उठवायचा. माणसं आपसूक रीनाच्या दुकानाच्या बाजूने चालायला लागली.

दौलतराव मात्र अजून तिकडूनच चालत.

रेल्वेतून रिटायर झालेला हा माणूस रोज दिवेलागणीला यायचा, उताराच्या तोंडाशी थांबायचा आणि मान वर करून हात हलवायचा. मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीतला लाईट विझायचा आणि पुन्हा लागायचा. दौलतराव हसून घराकडे वळायचे. त्यांचा मुलगा अभिनव तिथे नोकरीला आहे, हे आसपासच्या सगळ्यांना माहीत होतं.

रीनाने त्यांना दुकानात आणून स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

"काका, इकडूनच हात हलवत जा ना. तिकडं कायले मरायले जाता?"

"इकडच्या गर्दीत वरून मी कसा ओळखू येईन? तिकडं एकटाच असतो."

"मंग अभिनवभाऊलेच खाली बोलवा. चहा पाजते मी दोघांयले."

दौलतराव पँटची धूळ झटकत राहिले. "खाली नाही येता येत," ते म्हणाले.

"असं काय काम करते तो?"

"कंप्युटरचं कायतरी." ते उठले. "चालतो पोरी. वर कोणी वाट पाहून राहिलं असंन."

लंगडत ते पुन्हा उताराशी गेले. हात हलवला. लाईट विझला, लागला.

रीनाला आधी राग आला. मग तिला राहवेना. बाप पडलेला दिसतो, तरी खाली उतरत नाही, लाईट तेवढा लावतो. हा मुलगा आहे तरी कसा? बापाला निदान इथे येऊ नका म्हणून तरी त्याने सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बिल्डिंगीत शिरली. गार्डचा ढगळ युनिफॉर्म तिनेच अल्टर करून दिला होता. त्याने हसून लिफ्ट दाखवली.

तिसऱ्या मजल्यावर अंधार होता. बऱ्याच खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. पार टोकाला, खिडकीपाशी, एकाच टेबलावर उजेड होता. तिथे एक मुलगी बसली होती.

"अभिनवभाऊ कुठं हाय?" रीनाने विचारलं.

मुलगी दचकली. "अभिनव सर? वो तो पुणे चले गए. पोळ्याच्या आधीच. तुम्ही कोण?"

तिचं नाव भाग्यश्री. नंदिनी नगरची. अभिनवची जागा तिला मिळाली होती. बाकीचा स्टाफ दुपारीच निघून जायचा, संध्याकाळच्या पाळीला ती एकटीच असायची.

"मंग लाईट?" रीना म्हणाली.

भाग्यश्रीने मान खाली घातली. "सर आपल्या बाबांसाठी लाईट बंद-चालू करतात, हे मी स्टाफकडून ऐकलं होतं. मी आली त्याच दिवशी खाली काकांनी हात हलवला. मले वाटलं, सरांनी घरी सांगितलंच नसंन. मी बटन दाबून देली. मंग रोजच."

"आन् काल?"

"काल पडताना पाहिलं ना दीदी. लिफ्टपर्यंत पळत गेली. पण खाली जाऊन काय सांगू? मी कोण?" तिने रीनाचा हात धरला. "त्यांले सांगू नका. टूट जाएंगे वो."

रीना खाली आली. सांगितलं तर म्हातारा खचेल, नाही सांगितलं तर एखाद्या दिवशी गाडीखाली येईल. ती उताराशी उभी होती, तेवढ्यात दौलतराव आलेच. गुडघ्याला पट्टी बांधलेली. खालून एक गाडी वर येत होती. रीनाने त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं आणि ठरवूनच टाकलं.

"काका, उद्यापासून येऊ नका इथं. वर अभिनवभाऊ..."

"नाही हाय," दौलतराव म्हणाले. "पुण्याले हाय तो. सकाळीच फोन आला होता."

रीनाने त्यांचा दंड सोडला. "मालूम हाय तुमाले? मंग हात कोणाले दाखवता?"

"तो गेला, तरी एक दिवस सवयीनं हात वर गेला माझा. आन् लाईट बुजला, लागला." त्यांनी काळ्या खिडक्यांच्या रांगांवरून नजर फिरवली आणि त्या एका उजेडावर आणून थांबवली. "कोण हाय ते मले नाही मालूम. पण एवढ्या मोठ्या बिल्डिंगीत एकटंच बसलं राह्यते. या बाजूनं तं आता कोणी चालतच नाही. मी नाही आलो, तं त्यानं खाली कोणाले पाहाचं?"