कानाला लावलेला स्क्रूड्रायव्हर

उमेदवाराचं वय विचारायला कायद्यानं बंदी आली, तेव्हापासून मुलाखतीच्या पडद्यावर प्रत्येक जण तिशीतलाच दिसे, तिशीतल्याच आवाजात बोले.

कारखान्यानं कामावरून कमी केलेले अठ्ठावन्न वर्षांचे फिटर सदूभाऊ कुंभोजकर चौदाव्यांदा तसे तरुण होऊन केबिनमध्ये बसले. आताशा धास्तीही वाटत नव्हती.

“समोरच्या मोटरचा बिघाड सांगा,” पडद्यावरून बाई म्हणाल्या.

शेजारी सेन्सर ठेवला होता, पण हात सवयीनं खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेला. सदूभाऊंनी त्याचं टोक चालत्या मोटरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

“मागचं बेअरिंग गेलंय, मॅडम.”

“अगदी बरोबर. माझे आजोबाही असंच ऐकायचे.” बाईंचा आवाज मवाळ झाला. “कळवतो हं आम्ही, काका.”