न हलणारे दार

केर्न्सच्या हँगरमध्ये विमानाच्या संकटकालीन दाराची चाचणी होती. उघडलेले दार वाऱ्याने मिटू नये म्हणून नवी खिटी बसवली होती. ती नापास झाली असती, तर विमान आठवडाभर जमिनीवरच राहिले असते. प्रचंड पंखा पूर्ण वेगाने फिरला. दार तसूभरही हलले नाही.

"मानलं बुवा तुझ्या खिटीला, नेरिडा!" तपासनीस ग्रेमने खूश होऊन फॉर्म काढला. "भार किती पेलते?"

"ब्याण्णव किलो," अभियंता नेरिडा बुटांकडे पाहत म्हणाली.

"आणि टिकेल किती वर्षं?"

नेरिडाने चोरून दारामागे पाहिले. तिथून दाराला पाठ लावून उभा असलेला म्हातारा फिटर क्लाइव्ह ओरडला, "मार्चमध्ये रिटायर होतोय रे, ग्रेम!"