भिंतीमागचा झरा

"झऱ्याला आज जोर नाही वाटतं," ती म्हणाली. उताणी पडूनच.

तिसरी बादली उचलताना कमरेत चमक निघाली, स्टूल घसरलं आणि ती न्हाणीघराच्या भिंतीमागे, सांडलेल्या गरम पाण्यात आडवी झाली. उठायला गेली. कंबर जागची हलेना. भिंतीच्या पलीकडे तिचा नवरा टबात बसलेला, जेमतेम घोटाभर पाण्यात. त्याची उजवी बाजू लुळी. तिच्या आधाराशिवाय त्यालाही उठता येणार नव्हतं.

तो दगड कापणारा. झऱ्याचं पाणी कढत वर यायचं, हवेवर निवायचं आणि निवता निवता पोटातला चुना मागे ठेवायचं. पापुद्र्यावर पापुद्रा. मध्ये सापडलेलं गवत, पानं कुजून जायची, त्यांच्या जागी भोकं उरायची. असा तो मधाच्या रंगाचा दगड. गल्लीतल्या घराघरांतल्या फरश्या, ओटे, पायऱ्या त्याच्याच हातच्या. हा टबही. झटका आला तेव्हा त्यानं एकच हट्ट धरला: नळीनं झऱ्याचं पाणी घरात आणा. पाय उठला तर त्यानंच उठेल.

आणलं. आणि गेल्या वर्षी झऱ्यानं आपल्याच दगडानं आपलं तोंड बुजवून घेतलं.

तिनं गल्लीभर हात जोडले, यांच्या कानावर जाऊ देऊ नका. तेव्हापासून रोज सकाळी भिंतीमागे शेगडी. साधं पाणी तापवायचं, वासाला चिमूटभर गंधक टाकायचं, स्टुलावर चढून नळीत ओतायचं. बारा बादल्या. वास तोच, ऊब तीच. कुठे म्हणून कसूर नाही. शिवाय गुण येत होता! परवाच तो म्हणाला, अंगठ्याला मुंग्या आल्या. मग कमरेचं रडगाणं कोण ऐकतं?

"अगं, लागलं का तुला?" पलीकडून आवाज आला.

"मला काय धाड भरलीय? नळी साफ करतेय."

"झोपून?"

पाणी निवत चाललं होतं. इकडचंही, तिकडचंही.

"बादली पडली ना?"

"कसली बादली?"

"किती भरलेली होती?"

"अहो, काहीतरीच काय!"

"वर्ष झालं, या टबाच्या काठाला एक पापुद्रा चढला नाही," तो म्हणाला. "झऱ्याचं पाणी असतं तर आठ दिवसांत नखाला खरखर लागली असती. माझा जन्म गेलाय गं या दगडात."

तिनं डोळे मिटले. गंधक सुचलं होतं. दगड नव्हता सुचला.

मग एकदम तिचं डोकं फिरलं. "म्हणजे पहिल्यापासून ठाऊक होतं? आणि माझी कंबर मोडेपर्यंत राजासारखे बसून राहिलात? तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"रोज ठरवायचो, आज सांगायचं, उद्यापासून नको म्हणून." पलीकडे पाणी जरासं हललं. "पण तू धापा टाकत आत यायचीस, पदराला हात पुसायचीस आणि आधी माझा पाय चाचपायचीस. मग तुझ्या तोंडाकडे बघून मुंग्या आल्या, असं काहीतरी सांगावंच लागायचं."