घराण्यातली

वडिलांच्या तेलमाडांच्या राईसाठी सहा वर्षांपूर्वी आकुआबाता कोर्टात बोलायला उठली, तेव्हा तिचे काका ओक्वुडिली यांनीच तिला खाली बसवले होते. “आम्हा इग्बो लोकांत लेक घराण्यातली नसते. गप बस!” घराण्याचे प्रमुख म्हणून ते एकटे लढले आणि तेलगिरणीच्या मालकासमोर हरले. पुढच्याच महिन्यात काकांच्या दारात नवी मोटार उभी राहिली.

आज काका आणि गिरणीमालक, दोघांविरुद्ध तिचा स्वतःचा दावा होता. न्यायाधीशांनी जुना निकाल समोर ओढला.

“या राईचा निवाडा झालेला आहे. तोच वाद पुन्हा चालवता येत नाही.”

“साहेब, तेव्हा मला तोंड उघडू दिलं नाही!”

“तुमच्या वतीने प्रमुख बोलले. तुम्ही त्याच घराण्यातल्या. तो निकाल तुम्हालाही बांधतो.”

“आमचीच लेक आहे, साहेब,” काका घाईने म्हणाले. “जरा तापट आहे, इतकंच.”

आकुआबाताने काकांकडे बोट केले.

“हे काकांचं वाक्य निकालात लिहून घ्या, साहेब. घराण्याच्या कोनफळांच्या रानातला माझा वाटा मागायला मी उद्या येतेय. मी घराण्यातली आहे की नाही, हा वादही आता पुन्हा चालणार नाही.”